रात्रभर निश्चिंत

सोमवार, ३ फेब्रुवारी

सर्वप्रथम क्षमा. रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडत नाही, आणि घडले तरी ते नोंदवून ठेवण्याइतकी मी कोणी मोठी नाही. कोऱ्या कागदाचा अपव्यय करते आहे याची जाणीव आहे. तरी लिहिते, कारण आजचा आनंद बोलून दाखवला तर बढाई वाटेल. शिवाय मला बोलता तरी कुठे येते?

माझे एक वाक्य छापून आले. पुस्तकात नव्हे – खोक्यावर.

काकांचा मोबाइलचे चार्जर विकण्याचा व्यवसाय आहे. माल बाहेरून सुटा येतो, घराच्या तळमजल्यावर पॅकिंगच्या खोलीत आमच्या छापाच्या खोक्यांत भरला जातो आणि दुकानांत जातो. मी आठवीपासून शिक्षणासाठी काका-काकूंकडे राहते. आईबाबा गावी असतात. मराठीत पहिली येते, यापलीकडे मिरवावे असे माझ्यापाशी काही नाही. काका मला ‘शुद्धलेखन’ म्हणतात. मागच्या महिन्यात हाक आली, “ए शुद्धलेखन, एवढी पुस्तकं खाल्लीस, आता घराला त्याचा काही उपयोग होऊ दे.” खोक्यावरचा मजकूर आणि आतले सूचनापत्रक मी लिहायचे होते.

टेबलावर नमुन्याचा चार्जर होता. काका म्हणाले, “लिही – दिवसभर सोबत.” आणि पुढे त्यांना काही सुचेना. मलाही ते वाक्य एका पायावर उभे असल्यासारखे वाटले. दिवस आला की रात्र हवी. मी हळूच म्हटले, “दिवसभर सोबत, रात्रभर निश्चिंत.”

काका माझ्याकडे पाहतच राहिले. “हे तुझ्या डोक्यातून आलं? मग परीक्षा कसल्या देत बसलीस?”

आज छापलेली खोकी आली. वाक्य निळ्या अक्षरांत आहे. स्वल्पविराम जागच्या जागी. एक खोके खोलीत आणून पुस्तकांशेजारी ठेवले आहे. काकूंनी पाहिले आणि त्या हसल्या. बोलल्या काही नाहीत. त्यांचे असेच असते.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वही आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून आमचे खोके अगदी नाकाशी धरून वाचत होते. दुकानदार म्हणाला, “घ्या हो बिनधास्त, खूप खपतोय.” आजोबा म्हणाले, “खपतोय म्हणून नाही घेत. बाकीच्या खोक्यांवर एक शब्द धड नसतो. ह्यांचं मराठी बघा, कसं नेटकं आहे. लिहिताना ज्यांनी एवढी काळजी घेतली, ते माल बनवताना घेणारच.”

मी वही न घेताच बाहेर आले. कान तापले होते. असे मला निकालाच्या दिवशीही झाले नव्हते.


बुधवार, १२ फेब्रुवारी

सूचनापत्रके कमी पडली म्हणून खाली गेले. मोजून दिली होती, मग कमी कशी पडली? पॅकिंगच्या बायका हसायला लागल्या. नवा माल आला आहे. रंग तोच, घडण तीच, पण आकाराने लहान. खोक्यात ठेवला की खुळखुळतो. म्हणून प्रत्येक खोक्यात माझी दोन पत्रके जातात – एक वाचायला आणि एक घडी करून माल हलू नये म्हणून बाजूला कोंबायला.

काकांना विचारले. “चांगलंच की. गिऱ्हाईकाला दुप्पट माहिती.”

नवा माल का, असेही विचारायचे होते. पण तोवर ते फोनवर बोलू लागले होते, आणि मी दोनदा विचारणाऱ्यांपैकी नाही.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

नव्यातला एक माझ्या मोबाइलला लावून पाहिला. थोड्याच वेळात इतका तापला की हातात धरवेना. काकांना सांगितले. “इस्त्री तापते, दिवा तापतो, चार्जर तापतो. तापत नाही ती फक्त तू.” पॅकिंगच्या बायकांसकट सगळे हसले. मीही हसले.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

अक्षराबद्दल क्षमा असावी.

सकाळी काकूंनी बाहेरून येऊन सांगितले, “तुझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना भाजलंय म्हणे. रविवारची गोष्ट आहे. दवाखान्यातून कालच घरी सोडलं.” मी महाविद्यालयात न जाता तशीच बाईंकडे गेले.

बाई एकट्या राहतात. दार शेजारीणबाईंनी उघडले. आत जळक्या प्लास्टिकचा वास अजून होता. भिंतीवरच्या बटणांच्या पाटीपासून वर छतापर्यंत काळा पट्टा उठला होता. पलंगाची उशाकडची बाजू नव्हतीच, म्हणजे लाकूड होते, पण कोळशाचे. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून मांडीवरच्या उशीवर ठेवला होता. त्याच हाताने त्यांनी माझ्या निबंधांतली अनावश्यक विशेषणे खोडली आहेत.

“ये. घाबरू नकोस, दिसतं तेवढं नाही. दोन बोटं पूर्ण वाकणार नाहीत म्हणतात. आता या वयात मला कोणता वाद्यवृंद गाठायचाय.”

मग त्यांनी सारे सांगितले. वासाने जाग आली. गादीचा कोपरा पेटला होता. पाणी टाकायचे नाही एवढे सुचले, पण मुख्य बटण बंद करायचे सुचले नाही. चार्जर ओढून काढायला त्यांनी हात घातला. तो वितळला होता, तळहाताला चिकटला, आणि झटका बसून त्या मागे फेकल्या गेल्या. त्या पडल्या तसा तो सॉकेटमधून निघून आला, म्हणून वाचल्या.

“आयुष्यभर पोरांना सांगितलं, आधी विचार मग कृती. स्वतःवर वेळ आली तेव्हा नुसती कृती.”

शेजारीणबाई मला सांगू लागल्या, “आणि ह्यांना मी रोज हसायचे बघ. झोपायच्या आधी घरातलं एकेक बटण बंद करणार, मग परत एकदा बघणार. त्याच दिवशी कशी बुद्धी झाली चार्जर रात्रभर लावून ठेवायची, कोण जाणे.”

“बुद्धी झाली नाही, वाचलं,” बाई म्हणाल्या. “खोक्यावर लिहिलं होतं.” आणि त्यांनी ते वाक्य म्हटले. माझे. शांतपणे, स्वल्पविरामावर थांबून, वर्गात म्हणत तसे. “तोललेलं वाक्य आहे गं. लिहिणाऱ्याने दोनदा वाचून पाहिलेलं. मला वाटलं, हे आपल्यातल्याच कोणीतरी लिहिलंय. आपल्यातलं माणूस उगीच लिहिणार नाही.”

मी त्यांच्या पायांकडे पाहत होते.

“तुझ्या काकांचाच ना तो व्यवसाय?”

“हो, बाई.”

“हं.”

मग त्या म्हणाल्या, “मी रागावलेली नाही. पण कोपऱ्यावरच्या दुकानात त्या खोक्यांची थप्पी अजून लागलेली आहे. हिला बघायला पाठवलं होतं. ते मला खटकतंय.”

मी नमस्कार केला आणि निघाले. एक शब्द बोलू शकले नाही. मराठीत पहिली येते मी.


बुधवार, १९ फेब्रुवारी

काका बाहेर गेले असताना त्यांच्या टेबलाच्या खणातून तो पहिला नमुना घेतला. खालून नव्या मालातला एक आणला. स्क्रू नाहीतच, दाराच्या फटीत धरून दोन्हींची कवचे फोडली. मग बारावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक आणि ग्रंथालयातून आणलेले आणखी एक समोर ठेवून बसले.

जे समजले ते असे. भिंतीतला जोराचा प्रवाह चार्जरमध्ये एका बाजूने येतो, मोबाइलकडे जाणारा सौम्य प्रवाह दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. या दोघांची गाठ कधीही पडता कामा नये. म्हणून त्यांच्यात मोकळी जागा सोडतात. नमुन्यात ती करंगळीच्या नखाएवढी आहे. नव्यात आगपेटीची काडीही मावणार नाही. नमुन्यात तारेच्या गुंडाळ्यांमध्ये पिवळ्या पट्टीचे अनेक पदर आहेत. नव्यात एकच, तोही कडेला सुटलेला. काही बिघडल्यास वितळून प्रवाह तोडणारा फ्यूज नमुन्यात आहे. नव्यात त्याची जागा आखलेली आहे आणि तिथे डाख देऊन साधी तार जोडली आहे.

म्हणजे मी ज्याच्याकडे पाहून लिहिले ती वस्तू वेगळी, आणि खोक्यात गेली ती वेगळी. खोकी आधी छापून घेतात, माल मागून येतो. मिळेल तो माल त्याच खोक्यात. या घरात सगळ्यांना हे ठाऊक होते. मला ते विचारावेसे वाटले नाही, कारण माझे सगळे लक्ष स्वल्पविरामाकडे होते.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काकांशी बोलले. जेवणाच्या टेबलावर, पाठ केल्यासारखी सुरुवात केली. चार वाक्ये झाली, पाचवे अडकले. तेवढे पुरले.

“बाईंच्या घरातलं वायरिंग कधीचं आहे, विचारलंस?”

“नाही.”

“मग? जुनं वायरिंग, सैल सॉकेट. त्यात चार्जर गादीला लागून. कसलाही जळेल.”

“स्वतःच्या खोलीत तुम्ही मोबाइलबरोबर आलेला चार्जर वापरता, काका. आपला नाही.”

हे मी म्हटले. कसे म्हटले, ठाऊक नाही. काकू ताट उचलत होत्या, त्यांचा हात थांबला.

काका चिडले नाहीत. चिडले असते तर सोपे गेले असते. खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, “हे बघ बेटा. पहिला माल देणाऱ्याने दर वाढवला. मी हा घेतला. बाजारात सगळे हाच विकतात, फक्त त्यांच्या खोक्यावर मराठी फालतू असतं. आज सगळं परत मागवलं तर सोमवारपासून खालच्या बायकांना काय सांगू? घरी बसा? आणि तुझी पुढची फी?” मग पाठीवर हात ठेवून, “तुझं वाक्य काढतो पुढच्या छपाईत. झालं समाधान? त्याऐवजी खाली बारीक टाईपात एक ओळ लिही. वापराची जबाबदारी वापरणाऱ्याची, असं काहीतरी. तुला बरोबर सुचेल.”

आणि सुचले! खोलीत येऊन बसले आणि पहिल्याच फटक्यात एक निर्दोष ओळ तयार झाली. ती कागदावर उतरवून पुन्हा वाचली, एक शब्द बदलला. मग लक्षात आले की मी काय करते आहे. कागद फाडला.


शनिवार, २२ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या दुकानातली थप्पी निम्मी झाली आहे. त्या आजोबांचे घर कुठे आहे, दुकानदाराला माहीत नाही.


सोमवार, २४ फेब्रुवारी

ग्राहक तक्रार कार्यालयात जाऊन आले. बाहेरच्या बाकावर तासभर बसून मग आत गेले. खिडकीतल्या बाईंनी न पाहता विचारले, “कुणाविरुद्ध?” मी छापाचे नाव सांगितले. “छापाविरुद्ध नसते तक्रार. मालक कोण? परवान्यावर असेल त्याचं पूर्ण नाव आण.”

परवाना आमच्या पॅकिंगच्या खोलीतच, घड्याळाखाली काचेच्या चौकटीत आहे. पाच वर्षे त्याच्याखालून ये-जा करते आहे. आज वाचला.

मालक काका नाहीत. काकू आहेत.

मागे कधीतरी काही सोय पाहून काकांनी सगळे त्यांच्या नावावर केले असणार. बँकेचा माणूस किंवा हिशेबनीस आला की काका हाक मारतात, “अगं ये, इथे सही कर.” काकू ओला हात पदराला पुसून येतात, बोट ठेवले असेल तिथे सही करतात आणि जातात. काय आहे, कधी विचारत नाहीत. मीच अनेकदा पाहिले आहे.

आठवीत मी इथे आले तेव्हा रडायची म्हणून ज्या माझ्या खोलीत खाली चटईवर झोपत, त्या काकू. माझ्या टेबलावरचा दिवा ज्यांनी काकांशी भांडून घेतला, त्या. तक्रार केली तर चौकशीला त्या उभ्या राहतील, काका नव्हे. आधी बाईंचा हात. आता हे?


बुधवार, २६ फेब्रुवारी

दुपारी काकू वाळलेले कपडे घेऊन माझ्या खोलीत आल्या. त्या घड्या घालत होत्या आणि मी पुस्तक उलटे धरले होते.

“दोन दिवस जेवत नाहीस. प्रेमात पडलीस का?”

“नाही, काकू.”

“मग पड की. उपाशी राहण्यापेक्षा ते बरं.”

मला हसू आले आणि त्यातच रडू आले. मग सगळे सांगितले. फोडलेले दोन्ही चार्जर खणातून काढून दाखवले. ती अरुंद फट, ती साधी तार. शेवटी परवान्याचेही सांगितले. त्यांनी घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

“मी मालकीण आहे?”

“कागदावर हो.”

“अगं बाई. आणि मी वाण्याकडे साखर आणायलाही ह्यांना विचारून जाते.”

त्यांनी ते फुटके कवच उलटसुलट करून पाहिले. मग एकदम उठल्या. “माझ्या बहिणीकडे मीच पाठवले होते दोन. बाळाच्या पाळण्याशेजारीच सॉकेट आहे तिच्या.” मोबाइल कानाला लावून त्या गच्चीत गेल्या. मला आवाज ऐकू येत होता. “विचारू नकोस, आधी काढ. काढलास? हातात घेऊ नकोस, बटण बंद कर आधी. हां. आता फेक.”

परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. “ह्यांच्याशी मी बोलते. तू मध्ये पडू नकोस,” एवढेच म्हणाल्या आणि कपडे घेऊन निघून गेल्या.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

काकू बोलल्या असाव्यात. त्यांच्या खोलीचे दार बंद होते. आतून काकांचाच आवाज येत होता. “तुला कळतं का त्यातलं काही?” आणि मग, “तुझ्यासाठीच करतो ना हे सगळं?” काकूंचा आवाज ऐकू आला नाही.

संध्याकाळी काकांनी खाली सांगितले, शनिवारी सकाळी टेम्पो येईल. उरलेला सगळा माल एकदम बाहेर. काकू भांडी घासत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काकू आजही बोलल्या नाहीत. त्यांना दोष देत नाही. त्यांना जन्मभर याच घरात राहायचे आहे.

मी मजकूर लिहिला आहे. काकांच्या दुकानदारांचा मोबाइलवर एक गट आहे. नव्या मालाच्या जाहिराती त्यावर मीच लिहून पाठवते, तो माझ्या मोबाइलवर उघडतो. सगळी दुकाने त्यात आहेत. आधी तिथे पाठवायचा, मग तक्रार कार्यालयाला. शेवटी माझे नाव. कार्यालय मालकीणबाईंना बोलावणारच, त्याला माझा इलाज नाही. कॉलेजच्या वसतिगृहात जागा आहे का, विचारून आले. नाही.

बाईंकडे जाऊन मजकूर वाचून दाखवला. ते वाक्य मी लिहिले, हेही त्यात आहे. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. “तिसऱ्या ओळीतलं ‘अत्यंत’ काढ,” म्हणाल्या. मग डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि निघेपर्यंत सोडले नाही.

उद्या पाठवायचे. टेम्पो निघायच्या आधी. पाठवताना बोट चालेल ना?


शनिवार, १ मार्च

सकाळी टेम्पोचा आवाज आला आणि पाठोपाठ काकू माझ्या खोलीत. आतून कडी लावली. “लिहिलंयस ना? वाच.” मी वाचले. दुसऱ्या ओळीलाच थांबवले – “हे ‘नम्र निवेदन’ कुणासाठी? तोवर घर जळेल. आधी लिही, काढा. भिंतीतून आधी काढा, बाकीचं नंतर वाचा.” मी लिहिले. मग शेवटचे माझे नाव त्यांनी बोटाने झाकले. “तू खाली. वर मी.” कागद स्वतः घेतला, ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी अर्थ विचारला आणि सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले – मालक.

सहीच्या कागदाचे छायाचित्र काढून दुकानदारांच्या गटावर आणि तक्रार कार्यालयाला पाठवले. काका खाली टेम्पोत खोकी चढवत होते. शनिवार, १ मार्च, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे.